लाजाळू शहरी माणसाने वऱ्हाडातल्या गावात जोडीदार कसा शोधावा (माझ्या चुकांसकट)

डोंबिवलीत मी एकाच मजल्यावर नऊ वर्षं राहिलो आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव मला कधी कळलं, तर त्याचं कुरियर चुकून आमच्याकडे आलं तेव्हा. आणि मामाच्या गावी, यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात, बस थांब्यावरून घरापर्यंत सात मिनिटं चालत गेलो तेवढ्यात पानठेल्यावरच्या मंडळींना माझी आई कोण, बाबा कुठे नोकरीला होते, माझं वय काय आणि माझं लग्न अजून काऊन नाही झालं एवढं सगळं माहीत झालेलं होतं. हा फरक आधी डोक्यात पक्का बसवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

शहरात आधी मुलीशी ओळख होते आणि जमलंच तर वर्षा दोन वर्षांनी तिच्या घरच्यांशी. गावात हे पूर्ण उलटं. आधी गाव तुम्हाला ओळखतं, मग एखादं घर ओळखतं, आणि त्या घरातली मुलगी सगळ्यात शेवटी, तीही तिला वाटलं तर. मी म्हणतो लाजाळू माणसाला हेच सोयीचं आहे, कारण अनोळखी मुलीसमोर जाऊन काहीतरी स्मार्ट बोलायचं हे आपल्याला मरेपर्यंत जमणार नाही, पण रोज सकाळी एकाच रस्त्याने जाऊन दहा लोकांना रामराम घालणं जमतं. फक्त वेळ लागतो. मला तीन हंगाम लागले.

जायच्या आधी: नेमकं कशाला चाललोय?

हे स्वतःलाच विचारा आणि खरं उत्तर द्या. "शहरातल्या मुली फार अपेक्षा ठेवतात, गावातली साधी असेल" असं डोक्यात असेल तर तिकीट कॅन्सल करा, तुमचाच पैसा वाचेल. गावातली मुलगी बीए, बीएससी, डीएड, नर्सिंग काहीतरी करून बसलेली असते, तिच्या हातातही तुमच्यासारखाच फोन असतो, आणि तिच्याही अपेक्षा असतात, त्यातली पहिली बऱ्याचदा अशी की नवरा नोकरीवाला पाहिजे आणि पुण्यात राहणारा पाहिजे. म्हणजे तुम्ही शहराला कंटाळून गावाकडे आलात आणि तिला गावातून निघायचंय. ह्या गमतीवर पुढे येतोच.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. गावात तुमच्याच वयाची पोरं आहेत ज्यांना शेती आहे पण मुलगी मिळत नाहीये. हा विषय हसण्यावारी नेऊ नका. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं नवरदेवाचे कपडे घालून, बाशिंग बांधून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, बायको द्या म्हणून. आमच्या गावात मोर्चा वगैरे कोणी काढला नाही पण परिस्थिती तीच. पानठेल्यावर एक जण भेटला, एकतीस वर्षांचा, चार एकर कोरडवाहू, अकरा ठिकाणी पोरगी पाहून झालेली. मी पुण्यामुंबईकडून आलोय आणि लग्नाचं बघतोय हे त्याला मामीकडून कळलं तर मला म्हणाला, "तुमच्याइकडच्या पोट्ट्या सरल्या का भाऊ?" हसत म्हणाला पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नंतर तो माझा चांगला मित्र झाला. पण तुम्ही लॅपटॉप, बूट आणि पगाराची स्लिप घेऊन गावात उतरता तेव्हा दहा पोरांच्या पोटात काय होतं ते समजून घ्या, आणि पगाराचा आकडा तोंडातून काढू नका. तसाही मामाने सांगितलेला असतो, थोडा वाढवून.

कुठलं गाव, आणि कधी

नकाशावर बोट ठेवून गाव निवडायचं नाही. जिथे तुमचं कोणीतरी आहे तिथेच जा. मामा, आत्या, कॉलेजमधला मित्र, बाबांचा जुना सहकारी, कोणीही, पण "हा आमच्याकडचा आहे" असं म्हणणारं एक घर पाहिजेच. एकटा पुरुष भाड्याने खोली घेऊन राहतोय आणि काम काय करतो ते कोणाला कळत नाहीये, असा माणूस कुठल्याही गावात संशयितच असतो आणि बरोबर आहे त्यांचं.

विदर्भ म्हणजे सगळा एकच नाही हेही लक्षात ठेवा. पश्चिमेकडचं वऱ्हाड म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, इथे कापूस, तूर, सोयाबीन. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग म्हणजे झाडीपट्टी, तिथे धान, तळी, जंगल आणि बोलीसुद्धा वेगळी. झाडीपट्टीत ओळख असेल तर तुम्ही नशीबवान, कारण दिवाळीनंतर तिथे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात (सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या मे महिन्यात शर्यतींना परवानगी कायम केली तेव्हापासून जोरात), आणि रात्रभर नाटकं चालतात. नाटकाचा सीझन दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, आणि नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. त्या दिवसांत घराघरांत पाहुणे उतरलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि सोयरिकीच्या गोष्टी तिथेच निघतात. नाटक बघायला म्हणून आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही तू कशाला आलास.

वऱ्हाडात मात्र हंगाम बघून जावं लागतं. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी (बैलाच्या डवऱ्याने तण काढणं), त्यात कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नाही, तुम्ही मध्येमध्ये कराल फक्त. पोळ्याला जा, बैल सजवायला हात लावा, दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो तो सोडू नका. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, तिथे तुमचं काही काम नाही, लांबून ऐका. सोयाबीन निघाल्यावर हातात थोडा पैसा येतो आणि लोकांचे चेहरे जरा सैल होतात, दिवाळीनंतर कापूस वेचणीला सगळं गाव वावरात. हुरडा थंडीत. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि खरी गर्दी उन्हाळ्यात, कारण तेव्हा शेत रिकामं असतं. आता मे महिन्यात यवतमाळ, अकोल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि तुम्ही डोंबिवलीचे, तर डोक्याला दुपट्टा बांधायला शिका, टोपीने काही होत नाही. मी पहिल्याच लग्नात मांडवात चक्कर येऊन पडलो आणि तीन गावांत "चक्कर येते तो पोट्टा" म्हणून माझी ओळख झाली. (पोट्टा, पोट्टी हे तिकडे साधे शब्द आहेत, शिवी नाही. मला कळायला महिना गेला.)

मुंबईहून जायचं तर विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसने बडनेरा आणि पुढे नेरमार्गे एसटी. पूर्वी मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला नावाची छोटी गाडी दारव्ह्यावरून जायची, आता बंद आहे. मामा म्हणतो त्या गाडीत त्याच्या पिढीतली निम्मी लग्नं जमली. खरं खोटं मामाला माहीत, गाडी एवढी हळू होती की जमली असतीलही.

पहिला महिना: फक्त दिसायचं

ह्या महिन्यात कुठल्याही मुलीबद्दल काहीही विचारायचं नाही, मामीलाही नाही. मामी विचारेल, हसून सोडून द्यायचं.

सकाळी एक ठराविक फेरी ठेवा. मी साडेसहाला निघायचो, पाराजवळून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. पहिले आठ दिवस मान खाली घालून गेलो तर मामा रात्री म्हणाला, "बाबू, असा मुक्यावानी जाऊन राह्यला तं लोकं म्हनतीन पोट्ट्याले काई बिमारी हाय." मग मी स्वतःला रोज तीन माणसांचा कोटा दिला. तीन जणांना आपणहून नमस्कार, बास, चौथा केला तर बोनस. लाजाळू माणसाला आकडा दिला की जमतं, "मोकळा हो" असं सांगून काही होत नाही.

नमस्कारात एक शहाणपण आहे. समोरचा रामराम म्हणाला तर रामराम, जय भीम म्हणाला तर जय भीम, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातला म्हातारा जय गुरु म्हणाला तर जय गुरु, बंजारा तांड्यावर गेलात आणि जय सेवालाल ऐकलं तर जय सेवालाल. ज्याचा नमस्कार त्याला परत करा. दोन शब्दांत तुम्ही माणसाला माणूस म्हणून मोजता की त्याच्या वस्तीवरून, ते त्याला कळतं.

कोणाच्या घरी गेलात तर आधी पाण्याचा गिलास येतो. तो घ्यायचा. तहान नसली तरी दोन घोट. मी सुरुवातीला बाटली घेऊन फिरायचो आणि "नको, आहे माझ्याकडे" म्हणायचो, ते किती वाईट दिसतं ते मला एका आजीने तोंडावर सांगितलं. चहा काळा आला तर काळा प्या, दूध का नाही विचारू नका. आणि वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न करू नका. "करून राह्यलो, जाऊन राह्यलो" असं आपण म्हटलं की ती नक्कल वाटते. समजून घ्या, हसा, पण आपलं जसं आहे तसं बोला, वर्षभराने आपोआप जिभेवर येतं.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, मात्र घ्यायचा नाही. पानठेल्यावर मैत्रीखातर पुढे केला जातो, हात जोडून नको म्हणा, कोणी वाईट मानत नाही. मी एकदा मानपान म्हणून घेतला होता, पुढचा तास आठवत नाही.

गावात तुमचं काहीतरी काम पाहिजे

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो म्हणून जरा लांबण लावतोय. लाजाळू माणसाला नुसतं गप्पा मारायला बसवलं की त्याचा दगड होतो, पण हातात काम दिलं की तोच माणूस बोलायला लागतो, कारण विषय कामाचा असतो.

मला सापडलेलं काम म्हणजे फोन. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून ॲपमध्ये पीक नोंदवायचं आणि फोटो टाकायचा. आता ज्यांची नजर कमी झालीये, ज्यांचा फोन जुना आहे, ज्यांच्या वावरात रेंज नाही, त्यांची पंचाईत. मामाचं करून दिलं, मग शेजारच्यांचं, मग रोज संध्याकाळी दोघं-तिघं ओसरीवर बसलेले. महाडीबीटी ह्या सरकारी योजनांच्या पोर्टलवरचे अर्ज, आधार लिंक, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी वांगी, तुरीच्या शेंगा, एकदा अख्खं पोतं संत्री (वरुडच्या जावयाने पाठवलेली) असं येत गेलं. दोन महिन्यांत मला गावातल्या साठेक घरांत नावाने हाक मारायला लागले.

तुमचं काम वेगळं असेल. कोणी पोरांना इंग्रजी शिकवेल, कोणी क्रिकेटची टीम, कोणी श्रमदानात टोपली उचलेल, कोणी फक्त मोटार दुरुस्त करेल. अट एकच, कामाची गरज गावाला पाहिजे. फोटोग्राफी, रील, "गावाचं डॉक्युमेंटेशन" हे काम नाही, आणि बायका वेचणी करताना त्यांच्यावर कॅमेरा धरणारा माणूस तर कोणालाच नको असतो.

आता माझी मोठी चूक

ती गावच्या महिला बचत गटांचं काम बघायची, सीआरपी होती, म्हणजे गटांच्या बैठका घेणं, हिशोबाच्या वह्या, बँकेत चकरा. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, वरच्या वस्तीत नळाला पाणी का येत नाही ह्यावर ती उभी राहून बोलत होती आणि तिने तारखांसकट सांगितलं की पाइप कधी आला आणि किती दिवस नुसता पडून आहे. मी मागे चपलांजवळ बसलेलो. मला चार लोकांसमोर स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो त्यामुळे मी गारच झालो.

महिनाभराने तिच्या वडिलांचा एक फॉर्म भरायला माझ्याकडे आला. त्यावर मोबाईल नंबर होता. मी तो सेव्ह केला आणि रात्री पावणेअकराला, खूप वेळ टाइप करून पुसून, शेवटी "हाय, ग्रामसभेत तुम्ही छान बोललात" एवढं पाठवलं.

नंबर वडिलांचा होता. उघडच आहे ना, फॉर्म वडिलांचा म्हटल्यावर. पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं. पाच मिनिटांनी फोन आला, तिचा भाऊ. शांत आवाजात म्हणाला, "भाऊ, हा फोन माह्या बाबाचा हाय. काई काम असन तं सकाई घरी येऊन सांगजा." आणि ठेवला.

मी रात्रभर बॅग भरत होतो. सकाळी मामाला सांगितलं, मामाने कपाळावर हात मारला आणि म्हणाला आत्ताच्या आत्ता जा, उशीर केला की गोष्ट वाढते. गेलो. ओसरीत तिचे वडील, भाऊ, मी आणि पाण्याचा गिलास. मी म्हटलं, काका, फॉर्मसाठी दिलेला नंबर मी दुसऱ्या कामाला वापरला, चूक झाली, परत होणार नाही. एवढंच. कारण सांगितलं नाही, चुकून गेला वगैरे खोटं बोललो नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं की फॉर्म सबमिट झाला का. झाला म्हटलं. "मंग च्या घेजा."

ह्यातून काय घ्यायचं ते सांगतो. कामासाठी मिळालेला नंबर, आधार, पत्ता दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, कधीच नाही. गावात फोन बऱ्याचदा घराचा असतो, एकटीचा नसतो. रात्रीचा मेसेज हा दिवसाच्या मेसेजपेक्षा दहापट मोठा असतो, मजकूर काहीही असो. आणि त्याची किंमत तुमच्यापेक्षा तिला जास्त पडते, तुम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडून निघून जाल, ती तिथेच राहणार आणि "तिले मुंबईवाल्याचा मेसेज आला होता" हे वर्षभर फिरणार. माझं नशीब की घर समजूतदार निघालं.

बोलायचं कुठे, कसं

चार लोकांत. एकटं गाठायचं नाही, विहिरीवर नाही, वावराच्या वाटेवर नाही, बसमधून उतरल्यावर मागे मागे तर मुळीच नाही. लपून भेटण्यात थरार असतो हे सिनेमात ठीक आहे.

ग्रामसभा चांगली जागा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या ठरलेल्या सभा, आणि सभेनंतर लोक उभे राहून बोलतात तो अर्धा तास. एसटी चांगली. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तालुक्याची बस सकाळी बायकांनीच भरलेली असते, आणि बस उशिरा आली की थांब्यावर सगळेच एकमेकांशी बोलतात, तुम्हीही बोला, सगळ्यांशी.

पण माझं मत विचाराल तर लग्नातली पंगत. पाहुणा म्हणून खुर्चीवर बसू नका, वाढायला घ्या. गावातली पोरंच वाढतात, तुम्ही गेलात तर बादली हातात देतात. मी वांग्याची भाजी घेतली होती. कोणाशी काय बोलायचं हा प्रश्नच उरत नाही, "भाजी?" एवढंच बोलायचं असतं आणि दोनशे लोकांशी बोलून होतं. म्हाताऱ्यांना वाकून वाढा, लेकरांना तिखट कमी रस्सा द्या, आग्रह करा पण पानात ढीग लावू नका. शर्टावर तर्री सांडली की लोक हसतात आणि तिथून पुढे तुम्ही पाहुणे राहत नाही. ती बायकांच्या पंगतीत होती. मी भाजी वाढली. ती म्हणाली, "मीठ कमी झालं." मी म्हटलं, मी नाही केली. ती हसली. सहा महिन्यांत हे आमचं पहिलं बोलणं.

हाक काय मारायची हा प्रश्न लाजाळू माणसाला फार छळतो. घाबरून आपण ताई म्हणून टाकतो आणि एकदा चार लोकांत ताई म्हटलं की बसला शिक्का. नावाने हाक मारणं जास्त सलगीचं. काम करणारी बाई असेल तर "मॅडम" म्हणा, गावात शिक्षिकेपासून बँकेवालीपर्यंत सगळ्यांना मॅडमच म्हणतात. मी दीड वर्ष मॅडम म्हणत होतो.

विषय तिच्या कामाचा काढा. माझं गटाच्या हिशोबाची एक्सेल शीट करून देण्यावरून सुरू झालं, गट कार्यालयात, अजून तीन बायका बसलेल्या. "गावात किती शांत असतं ना" असलं काही बोलू नका. मी बोललो होतो. तिने वहीतून मान वर न करता सांगितलं, "तुम्हाला शांत वाटते कारण तुमच्याकडे परतीचं तिकीट असते." मला त्यावर काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मग मी पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं ते विचारलं, की तुम्हाला इथे राहायचंय की जायचंय. शहरातून गेलेला माणूस गृहीत धरतो की ती इथलीच, इथेच राहणार, चुलीवर भाकरी करणार. तिला यवतमाळला राहून काम करायचं होतं, ना गावात ना पुण्यात. हे कळायला मला वर्ष लागलं कारण मी माझ्याच डोक्यातल्या गावाच्या प्रेमात होतो.

नाही म्हणाली तर

तर नाही. गावात नाही हे शब्दात क्वचित येतं. थांब्यावर तुम्ही आलात की ती दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहते, उत्तर एका शब्दात येतं, वहिनी मध्ये बोलायला लागते, हे सगळं नाहीच आहे. "लाजत असेल" असा अर्थ काढू नका, लाजणं काय असतं ते आपल्याला चांगलं माहितीये. नको असताना मागे लागणं, परत परत मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, जुलै २०२४ पासून हा नवा कायदा लागू आहे, त्याआधी जुन्या कायद्यातही होताच. पण पोलिसांच्या आधी गाव बघतं. नाही समजलं की तुमचं काम तसंच चालू ठेवा, फॉर्म भरत रहा, महिनाभर तिच्या वाटेवर जाऊ नका. लगेच गाशा गुंडाळून पळालात तर उलट लोकांना वाटतं काहीतरी झालं होतं.

हो वाटत असेल तर: घर, जात, मध्यस्थ

इथे प्रेमाचा लेख संपून सोयरिकीचा सुरू होतो.

आडनाव विचारलं जाईल, मग "कोणाच्यातले". तुम्ही शहरात हा प्रश्न ऐकला नसेल म्हणून तो नसतोच असं नाही. घरांची जात एक असेल तर अर्धी लढाई झाली, पोटजात वेगळी असली तरी कुरकुर होते. जात वेगळी असेल तर तिच्याशी आधी नीट बोला की ती किती दूर जायला तयार आहे, कारण धक्का तिला बसणार. कायद्याने वाट आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्यात दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस दिल्यावर पुन्हा ३० दिवस थांबायचं आणि ती नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणजे गुपचूप काही होत नाही. आंतरजातीय लग्नासाठी राज्याची मदतही आहे पण ठराविक प्रवर्गांच्या जोडप्यांनाच, समाजकल्याण ऑफिसात विचारा. जातपंचायतीने घराला वाळीत टाकलं तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा आहे. हे सगळं माहीत असू द्या, पण मुलीच्या घरी पहिल्या दिवशी कायदा सांगू नका.

मध्यस्थ नीट निवडा. दोन्ही घरांना ज्याचा शब्द चालतो असा, बहुतेक वेळा मामा, नाहीतर एखादे निवृत्त गुरुजी. पैसे घेऊन "गरीब घरची पोरगी दाखवतो" म्हणणारा एजंट भेटला तर उठून या. असल्या लग्नांत लाखभर रुपये घेऊन आठ दिवसांत नवरी गायब होते अशा तक्रारी सगळीकडे आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी मुलीलाच विकलेलं असतं. परिचय मेळावे त्यापेक्षा बरे, समाजाचे असतात, पण माइकवर येऊन स्वतःचा परिचय द्यावा लागतो. मी एकदा नागपुरात दिला. नाव सांगितलं, शिक्षण विसरलो, खाली आलो.

हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, पण शब्द बदलून येतो, "आम्हाला काही नको, पोरीला जे द्यायचं ते द्या". तुमच्या आईबाबांना आधीच बसवून सांगा की असलं वाक्य तोंडातून निघणार नाही. कोरडवाहू घर लग्नासाठी कर्ज काढतं आणि ते किती वर्षं फेडतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको. खर्च निम्मा निम्मा किंवा सरळ कोर्टात सही आणि गावजेवण.

एकट्या बायका, म्हणजे नवरा गेलेल्या, सोडून दिलेल्या, ह्या भागात खूप आहेत. जुळलं तर उत्तमच, त्यात काही कमी नाही. पण उपकार करायच्या आवेशात जाऊ नका. तिने दहा वर्षं कापूस वेचून लेकरं वाढवलेली असतात, तिला वाचवायला तुमची गरज नसते, आणि लेकरांना विचारल्याशिवाय पुढे सरकू नका.

शहरातल्या लाजाळू मुलींसाठी मला फार सांगता येणार नाही, माझा अनुभव नाही. माझी एक मैत्रीण गडचिरोलीकडे संस्थेत काम करते, तिचं म्हणणं एवढंच की बायकांच्या ओळखीतून जा, पुरुषांच्या नाही, आणि राहायला एखाद्या कुटुंबातच रहा.

माझं कुठपर्यंत आलंय

गेल्या हिवाळ्यात मी तिला गट कार्यालयाच्या दारात, आत दोन बायका असताना, विचारलं की माझ्या मामाने तुमच्या घरी येऊन बोललं तर चालेल का. पाठ केलेलं वाक्य होतं, मधे एक शब्द गाळलाच. तिने चार दिवस मागितले. मग सांगितलं, येऊ देत, पण तीन गोष्टी. काम सोडणार नाही. घर यवतमाळला, आणि तुमच्या कंपनीने शहरात परत बोलावलं तर तेव्हा दोघं मिळून ठरवू. आणि तिसरी, १ मेच्या ग्रामसभेत तुम्ही उभं राहून बोलायचं, एवढी दीड वर्षं मागे चपलांजवळ बसता.

बोललो. वरच्या वस्तीच्या नळाचाच विषय, अजून सुटलेला नाही. तीन वाक्यं, त्यातलं मधलं कोणाला ऐकू गेलं नाही, हातातला कागद थरथरत होता आणि सरपंचांनी मला दोनदा जोरात बोला म्हणून सांगितलं. खाली बसलो तर पुढच्या रांगेत तिचे वडील शेजाऱ्याला सांगत होते, "पोट्टा कमी बोलते, पन बोलते."

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख अजून काढलेली नाही. सोयाबीन निघू द्या मग पाहू, म्हणालेत.